पांढऱ्या वाघाचे कौतुक

प्राणिसंग्रहालयातील पांढऱ्या वाघाभोवती नेहमीच गर्दी जमते. तथापि ही वाघाची निराळी जात नव्हे. १९५१ साली रीवाच्या अरण्यात ‘मोहन’ हा पांढरा बछडा पकडण्यात आला. सामान्य वाघिणीपासून त्याला झालेली सर्व पिल्ले पिवळीच निपजली. पुढे त्याच्याच ‘राधा’ या कन्येशी त्याचा संयोग घडविला, तेव्हा १९५८ साली चार पांढरी पिल्ले जन्मली. हा गुण अप्रभावी असल्यामुळे माता व पिता या दोघांकडून आल्याविना तो प्रकट होत नाही. त्याचे मूळ २०१३ साली उलगडले : एका जनुकातील उत्परिवर्तनाने प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलते, पिवळा रंग लोपतो आणि काळे पट्टे तेवढे उरतात.

उत्परिवर्तन हा निसर्गाचा अपराध नव्हे; अपराध आहे तो केवळ शोभेसाठी पित्याचा कन्येशी संयोग घडविण्याचा. या वाघांत नेत्रतंतूंची मेंदूशी जोडणी सदोष असते व पुष्कळदा तिरळेपणा आढळतो. अंतःप्रजननाने इतर सुप्त दोषही उघड होतात. म्हणून अशी पैदास थांबविणेच इष्ट. कुतूहल तृप्त करण्यासाठी प्राण्याला व्याधी देणे, हे विज्ञानाचे कार्य नव्हे.