फुकटचं डीडीएनएस टाकण्याआधी, डोमेनची चावी कोणाकडे आहे ते बघा

डायनॅमिक डीएनएसचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "सर, हे टूल टाकलं की घरबसल्या दुकानाचा कॅमेरा दिसेल ना?" माझं मत विचाराल तर कॅमेऱ्यासाठी ते टाकूच नका. पण टूल शिकून मात्र घ्या. दोन्ही एकदम का सांगतोय, ते बघा.

मंडणगडात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. लाईट गेली की राउटर बंद, आली की चालू, आणि चालू होताना इंटरनेट कंपनी त्याला बऱ्याचदा नवा आयपी पत्ता देते. म्हणजे रात्रीत तुमचं दुकान दुसऱ्या गाळ्यात गेलं. डोमेन ही तुमच्या नावाची पाटी, आणि डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की गाळा नंबर सांगणारी वही. गाळा बदलला तरी वहीत जुनाच नंबर राहिला, तर गिऱ्हाईक बंद शटरसमोर. डीडीक्लायंटसारखं टूल एवढंच करतं: ठराविक वेळाने, समजा दर पाच मिनिटांनी, पत्ता बदलला का बघतं आणि बदलला असेल तर वहीतली नोंद, म्हणजे ए रेकॉर्ड, स्वतः दुरुस्त करतं. बऱ्याच राउटर आणि डीव्हीआरमध्ये ही सोय आतच असते.

आता गंमत अशी की आपल्यापैकी अनेकांकडे हे चालणारच नाही. आयपीव्ही४ पत्ते कमी पडतात, म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवतात. तपासायचं कसं? राउटरच्या पॅनलमध्ये वॅन आयपी बघा, मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधा. दोन आकडे वेगळे आले, किंवा राउटरमधला आकडा 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल, तर बाहेरून थेट तुमच्यापर्यंत वाटच नाही. टूल वहीत नोंद करेल, पण ती सगळ्या सोसायटीच्या गेटची असेल, तुमच्या दाराची नाही. अशा वेळी कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घ्या, नाहीतर नाद सोडा.

आणि कॅमेरा का नको? 21 ऑक्टोबर 2016 ला डिन नावाच्या अमेरिकन डीएनएस कंपनीवर मोठा हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत आणि युरोपात कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. हल्ला केला कोणी? मिराई नावाच्या व्हायरसने पकडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर. साधी दुकानातली यंत्रं, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेली. तुम्ही डीव्हीआरला पोर्ट उघडून पक्कं नाव देता, तेव्हा त्याच रांगेत उभे राहता. कॅमेरा बघायला कंपनीचं मोबाईल ॲप पुरतं. पासवर्ड तेवढा बदला.

योगायोग बघा, हीच डिन कंपनी पूर्वी फुकट डायनॅमिक डीएनएससाठी प्रसिद्ध होती, आणि 2014 च्या मे महिन्यात तिने फुकटची खाती बंद केली. अनेकांचे पत्ते गेले, कारण नाव त्यांचं नव्हतंच, कंपनीच्या नावाला जोडलेली शेपटी होती.

मग टूल शिकायचं कशाला? एक, दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला घरून किंवा गोडाऊनवरून जोडायचं असेल तर. तेही थेट नाही, वायरगार्डसारखं व्हीपीएन मध्ये ठेवून, एकच पोर्ट उघडून. आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं: टूल लावायला बसलात की ते तुमच्याकडे डीएनएस पॅनलचं लॉगिन किंवा एपीआय टोकन मागतं. तिथेच कळतं की चावी आपल्याकडे नाहीच!

वेळासला कासवांच्या सीझनमध्ये होमस्टे चालवणाऱ्याचा विचार करा. वेबसाइट एका मुलाने बनवून दिली, डोमेन त्याच्याच ईमेलवर घेतलं. मुलगा चांगला आहे, पण उद्या पुण्याला नोकरीला लागला आणि रिन्यूअलची नोटीस त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिली तर? साइट बंद, बुकिंगचे मेल बंद, आणि सीझन काही थांबत नाही. डॉट इन डोमेनचा वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या खात्यात राहायची गरज नाही.

टूलला टोकन देताना सगळ्या खात्याचं देऊ नका, त्या एका डोमेनपुरतंच बनवा. क्लाउडफ्लेअरमध्ये तशी सोय आहे. एमएक्स रेकॉर्डला हात लावू नका, मेल त्यावर चालतात. होस्टिंग बदलणार असाल तर आदल्या दिवशीच टीटीएल 300 वर आणा, म्हणजे नवा पत्ता सगळीकडे लवकर पोचेल.

वेबसाइटवाला "मी आहे ना, तुम्हाला कशाला लागतंय?" म्हणाला, तर वाद घालू नका. डोमेन रिन्यू व्हायच्या दोन महिने आधी ट्रान्सफरचा कोड मागा, शेवटच्या आठवड्यात नको. कोड हातात आला की आधी सगळ्या रेकॉर्डचे स्क्रीनशॉट काढा, आणि मगच डोमेन हलवा.