निष्कलंक कोण ?

कॅथॉलिक मनुष्यास अडचणींत आणण्यास अवघड प्रश्न लागत नाहीं. ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे काय, एवढेंच विचारावें. बहुतेक जण ताठ मानेनें सांगतील, “कुमारीच्या उदरीं येशूचा जन्म !” उत्तर बाणेदार, पण चुकीचें. हा सिद्धांत मरियेविषयीं आहे. संत अन्नेच्या उदरांत आल्या क्षणापासून ती आदिपापाच्या डागापासून मुक्त राखली गेली, असें पोप नववे पायस यांनीं ८ डिसेंबर १८५४ रोजीं जाहीर केलें. तिचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा. मधले नऊ महिने लहान मुलासही बोटांवर मोजतां येतील !

त्याच सप्टेंबरांत शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यांत हरेगांवीं मतमाउलीची यात्रा भरते. “तुम्हीं देवी पूजतां,” असें कोणी म्हटलें कीं आपलेच भाबडे लोक मान डोलावतात. वस्तुतः आराधना एकट्या परमेश्वराची, संतांस केवळ आदर, हा भेद निकियाच्या दुसऱ्या परिषदेनें ७८७ सालींच केला आहे. आईच्या पायां पडणारा मुलगा तिला परमेश्वर समजत नाहीं, हें मराठी माणसास सांगावयास नको.

अशा उत्तरांचें हंसूं येतें खरें. पण त्यांनीं होणारी हानि हंसण्याजोगी नाहीं. मूल मोठेपणीं जें नाकारतें, तें पुष्कळदां चर्चची शिकवण नसून तिची बिघडलेली नक्कल असते. म्हणून पालकहो, पाठांतर अवश्य करून घ्यावें, पण लगेच विचारावें, “बाळ, याचा अर्थ काय?” उत्तर न आल्यास दोघांनीं मिळून शोधावें.