सरकारचा खाडा

नागरिक आणि सरकार यांच्यात एक करार झालेला आहे, असे राज्यशास्त्राची पुस्तके सांगतात. रूसोने 1762 साली त्या करारावर ग्रंथ लिहिला. हॉब्ज आणि लॉक यांनी त्याच्या आधीच तो आपापल्या परीने मांडला होता. हा करार कोठे लिहिला गेला, साक्षीला कोण होते, हे विचारायचे नसते. तो झाला आहे असे धरून चालायचे असते. आमच्या कड्याच्या बाजूला मात्र असे धरून चालणारा मनुष्य मिळणे कठीण. इकडे करार म्हटला की डोळ्यांपुढे मुकादम उभा राहतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर आष्टी तालुक्यातले कितीतरी कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेले असतील. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजदाद आहे. हंगामापूर्वीच मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडपे ऊस तोडते. आजारपणात एक दिवस बुडाला तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांवर स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक असतील. पण पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा बसतो, ही धास्ती त्यांतलीच एक आहे.

या कराराची तरफदारी मी करीत नाही. तो राक्षसी आहे. परंतु करार कशाला म्हणतात हे त्याला पक्के ठाऊक आहे: रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, मोडला तर दंडही ठरलेला. आता दुसरा करार पाहा.

1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून जगली. त्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. माझ्या मते स्वतंत्र हिंदुस्थानात कोणत्याही सरकारने नागरिकाशी केलेला एवढा सरळ करार दुसरा नाही. मागणी करा, 15 दिवसांत काम देऊ, न दिले तर बेकारी भत्ता देऊ. म्हणजे सरकारने आपल्या हाताने आपल्यालाच खाडा लावून घेतला! 2005 साली केंद्राने याच धर्तीवर देशभर 100 दिवसांची हमी दिली. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या जागी नवा कायदा संमत करून 100 चे 125 दिवस केले, आणि शेतीच्या ऐन हंगामात 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची सोयही त्यातच करून ठेवली.

मग हा खाडा सरकार भरते का? भरण्याची वेळच येऊ देत नाही. पंधरा दिवस मोजायचे ते मागणी अर्जाच्या तारखेपासून, आणि तारखेचा पुरावा म्हणजे दिनांकित पोच. ती पोचच द्यायची नाही, एवढी साधी युक्ती आहे. मी काही जणांचे अर्ज लिहून दिले आहेत. एका गावी अर्ज घेतला आणि सांगितले, “काम निघाले की कळवू.” तारीख नाही, शिक्का नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याने आणखी काय करावे? तो घरी जातो, आणि आठ दिवसांनी मुकादम ओसरीवर येऊन बसतो.

या दोन करारांचे नाते कोणी लक्षात घेत नाही. पहिला मोडतो म्हणून दुसऱ्याला माणसे मिळतात. गावात वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळाली असती, तर पोरांच्या शाळा सोडवून पाचटाच्या खोपीत राहायला कितीजण गेले असते? स्वस्त ऊसतोडीसाठी कोणी हे मुद्दाम घडवून आणते, असा आरोप मी करीत नाही. पण ते घडते आणि कोणाला त्याची घाई नाही.

शहरातले काही विद्वान म्हणतील की हक्क मागण्याआधी यांनी कर भरावा. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीत कोयता कर भरतोच. शिवाय शहरातल्या पगारदाराकडून 1975 पासून जो व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो मुळात याच हमीसाठी. त्याने आपला वाटा दिला, याने आपले श्रम देऊ केले. चुकला तो तिसराच.

मराठवाड्याला हे नवे नाही. 1953 चा नागपूर करार झाला, त्यातल्या आश्वासनांची आठवण ठेवण्यासाठी 1994 साली विकास मंडळ आले, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत कोणाला हाक न मारता संपली. नगर-बीड-परळी रेल्वे 1995 च्या सुमारास मंजूर झाली. कड्यावरून प्रवासी गाडी धावली ती 2022 च्या सप्टेंबरात. मुकादमाने हा हिशेब धरला असता तर काय रक्कम निघाली असती!

मागणे मोठे नाही. बाजाराच्या दिवशी टेबल मांडून मागणी अर्ज घ्यावेत आणि जागच्या जागी पोच द्यावी. सोळाव्या दिवसापासून भत्ता न मागता खात्यावर जमा व्हावा, आणि अर्ज ज्याच्याकडे अडला त्याच्या पगारातून त्याचा काही अंश वळता करावा. तिजोरी रिकामी होईल, अशी ओरड अर्थखात्यातून होईल. काम दिले तर भत्त्याचा एक पैसाही द्यावा लागत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे.