कर्करोग आणि कपाळीचा लेख

कर्करोग हा जनुकांचा रोग आहे असे विज्ञानच सांगते, जनुके तर आईबापांकडून येतात, तेव्हा ज्याच्या कपाळी तो लिहिला असेल त्याला तो होणारच, मग तंबाखूला दोष कशाला द्यायचा, असा युक्तिवाद हल्ली सुशिक्षित माणसेही करतात. आणि आयुष्यभर तंबाखू खाऊन नव्वदी गाठलेल्या कोणा आजोबांचा दाखला त्याला हटकून जोडला जातो. यातील पहिले विधान खरे आहे, म्हणूनच हा युक्तिवाद अधिक घातक ठरतो.

जनुके वारशाने मिळतात हे निर्विवाद. परंतु ती मिळाली तशीच आमरण राहतात, हे जे यात गृहीत धरले आहे तेच निराधार होय. १९८२ साली माणसाच्या मूत्राशयातील कर्करोगपेशींमधले रास जनुक निरोगी जनुकाशी ताडून पाहण्यात आले, तेव्हा हजारो अक्षरांच्या त्या मजकुरात रोगाला कारण झालेला फरक एकाच अक्षराचा निघाला: ग्वानिन असावयाचे तेथे थायमिन होते. तेवढ्याने प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आले, आणि विभाजनाचा हुकूम एकदा पोचवून स्वस्थ बसणारे ते प्रथिन तोच हुकूम अहोरात्र बजावीत राहिले. असे बदल बहुधा जन्मजात नसतात. त्या त्या अवयवातील पेशीत ते पुढे घडतात.

ते घडविते कोण? तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनचे शरीरात जे रूपांतर होते ते डीएनएमधील ग्वानिनला चिकटते. आणि १९९६ साली असे दाखविण्यात आले की, पेशीविभाजनावर पहारा ठेवणाऱ्या पी-५३ जनुकात ते मुख्यत्वे १५७, २४८ आणि २७३ या स्थानी चिकटते, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगात ज्या स्थानी बिघाड वारंवार आढळतो नेमक्या तेथेच. चघळण्याच्या तंबाखूतील नायट्रोसअमाईनेही डीएनएला इजा करतात.

राहिले आजोबा. एका बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. एकाच पेशीच्या वंशात असे कित्येक बिघाड वर्षानुवर्षे साचावे लागतात, आणि ते नेमक्या जनुकांत पडणे हा बराचसा योगायोग असतो. तंबाखू त्या योगायोगाच्या संधी वाढविते; आजोबा वाचले एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही.

पूर्वपक्षात तथ्यांश आहे तो एवढाच की, शेकडा पाच ते दहा कर्करोगांच्या मुळाशी वारशाने आलेला दोष असतो. पण अल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली बालकांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाविषयी जे मांडले त्यानुसार, अशा बालकांत जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी असली तरी दुसरी बिघडल्याखेरीज रोग उद्भवत नाही. म्हणजे तेथेही वारशाने येते ती प्रवणताच. ज्यांच्या घराण्यात हा रोग वारंवार दिसतो त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने जनुकतपासणी अवश्य करून घ्यावी. परंतु तंबाखूची चंची कमरेला ठेवून प्रारब्धाचा हवाला कोणी देऊ नये.