बाबांच्या चहातला गूळ

डायबेटिस निघाला की घरातून साखर जाते आणि गूळ येतो. अरे, पण गूळही बहुतांश सुक्रोजच! रक्ताला रंगाशी काय देणंघेणं? हे आत्याला सांगून सांगून माझा घसा कोरडा पडलाय. त्यात संकष्टीची साबुदाण्याची खिचडी... साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणे उपास! दाण्याच्या कुटाने थोडंफार सावरतं, एवढंच. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. माझं म्हणाल तर आधी ताट बदला. चाराऐवजी दोन पोळ्या, उसळ दुप्पट, काकडी भरपूर. (ज्वारीची भाकरीसुद्धा मोजूनच हं!) फक्त गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. डोस तोच ठेवून जेवण कमी केलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.