अहवाल मागविला, पण मानला नाही

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1964 साली नागरी हक्कांच्या आणि 6 ऑगस्ट 1965 रोजी मतदानहक्काच्या कायद्यावर स्वाक्षरी करून जे धैर्य प्रकट केले, त्यास त्या देशाच्या इतिहासात फार थोडी उदाहरणे सापडतील, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. परंतु दुसऱ्या कायद्यावरील शाई वाळते न वाळते तोच, अवघ्या पाच दिवसांनी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत आगडोंब उसळला आणि 34 माणसे प्राणास मुकली. कारण दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतपेटीने जे मिळणार होते, ते इतर प्रांतांतील महानगरांच्या कोंदट खोल्यांना, बेकारीला आणि पोलिसी जुलमाला स्पर्शही करणारे नव्हते.

1967 च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये 43 बळी पडले, तेव्हा सरकारने लष्कर धाडले (बंदोबस्त अपरिहार्य होता, त्याविषयी आमची तक्रार नाही) आणि इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने पुढील वर्षी, कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता, गोऱ्या समाजाच्या वर्णद्वेषावर बोट ठेवले आणि घरे, रोजगार व शिक्षण यांसाठी प्रचंड खर्चाच्या शिफारशी केल्या. व्हिएतनामच्या युद्धात खजिना रिता होत असताना, ज्यांनी आयोग नेमला त्याच अध्यक्षांनी त्याच्या अहवालाकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस अत्यंत क्लेशदायक वाटते. घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास मनाई करणारा, दोन वर्षे रखडलेला कायदा अखेर 11 एप्रिल 1968 रोजी मंजूर झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा सात दिवस लोटले होते.