मदतीची मोजपट्टी

आपत्तीच्या वेळी धावून जाणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारांनी बोलले जाते. एक तर त्यांच्या गळ्यात हार पडतात, नाही तर त्यांच्या झेंड्याचा रंग तपासला जातो. चर्चच्या युवक मंडळाची तुकडी आली की ब्लँकेटांच्या गठ्ठ्यात बायबल दडले आहे काय, याची कुजबुज सुरू होते. घासाला श्रद्धेची अट लावणे हा अपराधच आहे. मग ती अट कोणत्याही देवाच्या नावाने लावली जावो. परंतु उपाशी माणसाला घास देणाऱ्याचा धर्म आधी विचारणारेही त्याच अपराधाचे वाटेकरी असतात. हार घालणारे काय किंवा संशय घेणारे काय, दोघेही एक साधा प्रश्न टाळतात: ही मदत कोणत्या मोजपट्टीने वाटली जाते, आणि ती पट्टी कोणाच्या हातात असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास धाराशिव जिल्ह्याइतका बोलका प्रदेश क्वचितच असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, लातूरमधील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबादमधील उमरगा हे तालुके भूकंपाने हादरले. किल्लारीबरोबरच सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव ही गावेही मोडून पडली. सुमारे 8 हजार माणसे दगावली. ती जमीन हलल्याने जितकी मेली, तितकीच डोक्यावरच्या छपराने मेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे वजनदार माळवद, ही ऐपतीची खूण. तीच झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. गावकुसाबाहेरच्या गवताच्या हलक्या झोपड्यांत त्या मानाने माणसे वाचली.

देशाच्या कानाकोपऱ्यांतून तुकड्या आल्या. ख्रिस्ती संस्था आल्या, जैन संघटना आल्या, संघाचे स्वयंसेवक आले, सेवा दलाचे सैनिक आले. ढिगारे उपसणे, प्रेतांना अग्नी देणे, ही कामे त्या मुलांनी केली, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण मुले आठ-पंधरा दिवसांनी परतली, आणि खरा निर्णय त्यानंतर झाला.

तो निर्णय असा. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आणि देणगीदारांच्या पैशांतून जी 52 गावे नव्या जागी वसवायची होती, तेथे घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला 750 चौरस फूट! भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो पाहिला. गावाची घडी एका पहाटेत विस्कटली होती, आणि ती नव्याने बसवण्याची संधी मिळताच शासनाने जुनी उतरंड सिमेंटमध्ये ओतून पक्की केली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तो पोकळ नाही. मोठ्या शेतकऱ्याचा वाडा मोठा होता, त्याला धान्य साठवायला आणि जनावरे बांधायला जागा हवी, म्हणून त्याला अधिक दिले, असे सांगतात. गरज असेल तर धान्याच्या कोठारासाठी वेगळे कर्ज द्यावे. त्याला हरकत कोणाची? पण राहत्या घराची गरज माणशी मोजायची असते, हेक्टरी नव्हे. पाच माणसांचे भूमिहीन कुटुंब 250 चौरस फुटांत आणि तेवढेच बागायतदार कुटुंब तिप्पट जागेत, हा हिशेब गरजेचा नाही, मालमत्तेचा आहे. ज्या कोणी प्रार्थनेनंतर, आरतीनंतर किंवा शाळेच्या वर्गात डबा फिरवून पैसे जमवले, त्यांनी ते ‘सात हेक्टरवाल्याला तिप्पट द्या’ म्हणून दिले होते काय?

दुसऱ्या बाजूने याच भूमीवर वेगळे दाखलेही आहेत. मराठवाड्यातील पाणीटंचाईत जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी कातळ फोडणारी यंत्रे आणून विंधनविहिरी घेतल्या. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामातून पोलादी हातपंप घडले, आणि पुढे देशभर पोचलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या पंपाचा पाया सोलापूरच्या पंपातच आहे. पाण्याला जात नाही, हे वाक्य व्याख्यानात सोपे असते. सार्वजनिक हातपंपाच्या दांड्यावर ते कसोटीला लागते. नळदुर्गजवळ सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारले. घरे दुरुस्त व मजबूत करण्याच्या कार्यक्रमात खेड्यांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या, आणि घराच्या बांधकामाविषयी प्रथमच त्यांचा शब्द विचारला गेला. या सर्वांचे झेंडे भिन्न होते, पण ते टिकून राहिले.

आणि 1972 चा दुष्काळ विसरू नये. तेव्हाही सुकडी वाटली गेली. मात्र खडी फोडणाऱ्या मजुरांनी आणि त्यांच्या संघटनांनी काम मागितले. त्या मागणीतून रोजगार हमी योजना रुजली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. सुकडी संपते. हक्क कागदावर आला की त्यासाठी भांडता येते.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत परंडा, भूम या तालुक्यांत शेतातली माती वाहून गेली, आणि पुन्हा तरुणांच्या गाड्या आल्या. पिकांची भरपाई पुन्हा हेक्टरी मोजली गेली. ज्याच्या नावावर हेक्टर नाही, त्या शेतमजूर बाईचा बुडालेला हंगाम कोणत्या पंचनाम्यात लिहायचा?

म्हणून जाणाऱ्या तरुणांना, मग ते चर्चमधून निघालेले असोत वा शाखेतून वा दलाच्या मैदानावरून, आमचे सांगणे एवढेच की जरूर जा. शिधा पोचवा, चिखल उपसा. पण परतण्यापूर्वी गावातील भूमिहीनांची, एकट्या स्त्रियांची, सालगड्यांची यादी करा. पंचनामा होताना तेथे उभे राहा. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. आणि सहा महिन्यांनी, छायाचित्रकार नसताना, पुन्हा त्याच गावी जाऊन त्या यादीतील कोणाला काय मिळाले ते तपासा. जे युवक मंडळ एवढे करील, त्याचा धर्म विचारण्याची गरज आम्हांला वाटणार नाही. जे एवढे करणार नाही, त्याच्या करुणेवर जुनी मोजपट्टी चालवणारेच सर्वांत खूष असतील.